खंडेनवमीला मेन कुणी पाडायचा

मिहिरच्या नाकाचं हाड मी मोडलं, हे खरं आहे. कंपनीच्या काचेच्या मीटिंग रूममध्ये, सकाळी साडेअकराला, नऊ माणसांसमोर. पहिला ठोसा नाकावर बसला, दुसरा कानाखाली, आणि तो खुर्चीसकट आडवा झाल्यावर मी त्याला लाथा घातल्या. किती घातल्या ते आठवत नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्या शिवदासने मागून धरून मला ओढलं तेव्हा माझ्या बुटाच्या टोकाला रक्त होतं आणि काचेवर बोटांचे पाच ओघळ होते, ते त्याचे की माझे ते अजून माहीत नाही.

तेव्हापासून अंधेरी एमआयडीसीत प्रेसवर काम केलेला जो कोणी भेटतो तो माझा हात धरून हलवतो. "परब, झकास केलंस." "कोणीतरी करायलाच हवं होतं." बोरीवलीत आमच्या सोसायटीच्या गेटवर परवा एक माणूस, ज्याला मी ओळखतही नाही, माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला ढकलला आणि जिना चढून घरी गेलो. ही शाबासकी मला सहन होत नाही. का होत नाही, ते सांगतो. मधे बोलू नका.

मी अनंत परब. वय सत्तावन्न. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर परळ सुटलं आणि आम्ही बोरीवलीला आलो. एक्क्याण्णव साली मी अंधेरी पूर्वेच्या या प्रेस शॉपमध्ये हेल्पर म्हणून लागलो. गाड्यांच्या सीटखाली जे लोखंडी पट्टे असतात ते आम्ही दाबून काढतो. प्रेस म्हणजे काय हे ज्याने पाहिलं नाही त्याला एवढंच सांगतो, की वर एक लोखंडी साचा असतो, त्याला डाय म्हणतात, खाली तसाच एक. वरचा एकशेसाठ टनांनी खाली येतो आणि मधे जे असेल ते दोन साच्यांच्या आकाराचं होतं.

तेव्हा कंपनीत कोण कुणाच्या वर आहे हे आंधळ्यालाही कळायचं. हेल्पर, त्याच्यावर ऑपरेटर, त्याच्यावर चार्जहँड, त्याच्यावर फोरमन, मग साहेब लोक. फोरमन होता मधुकर तावडे. त्याला अख्खं शॉप राक्षस म्हणायचं, अर्थात पाठीमागे. माझ्या डाव्या भुवईवर जी खूण आहे ती त्याने फेकून मारलेल्या पान्याची. मी चालू मशिनीखाली वाकलो होतो. पाना लागला, मी मागे पडलो, आणि त्यानंतर तो येऊन मला आणखी दोन लावून गेला. दवाखान्यात टाके घालतानाही तो बाजूला उभा राहून आईवरून शिव्या देत होता.

चंद्रप्रकाश नावाचा एक माणूस वरच्या मजल्यावर प्लॅनिंगला बसायचा. त्याच्याकडे काळा फळा आणि खडू. दर सोमवारी तो खाली यायचा आणि तावडे आणि तो भांडायचे. "पाच हजार काढ." "तुझा बाप काढेल पाच हजार, डाय झिजलीय." अर्ध्या तासाने चंद्रप्रकाश वर जाऊन फळ्यावर तीन हजार लिहायचा. आमचं प्लॅनिंग हे असं होतं. पण त्याच फळ्यावर दरवर्षी खंडेनवमीच्या चौकोनात तो न विचारता लिहायचा, "बंद."

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनींची पूजा होते. घरची माणसं येतात, बायका-पोरं शॉपमध्ये फिरतात, मशिनींना झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, डायवर हळदकुंकू. एरवी जिथे कुणी बोट घालणार नाही तिथे त्या दिवशी अख्खा हात जातो. म्हणून रीत अशी होती, की बारा वाजता फोरमनने स्वतः मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप लावायचं आणि चावी पूजेच्या ताटात देवासमोर ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच ती उचलायची. मधे देव आला तरी मशीन चालणार नाही.

चौऱ्याण्णव साली दशरथ नावाच्या ऑपरेटरने शहाणपणा केला. त्याचे वीस पट्टे राहिले होते. तावडेने कुलूप लावायला हात उचलायच्या आत त्याने मेन परत वर केला. तावडेने त्याला तिथेच, त्याच्या बायकोसमोर आणि दोन मुलींसमोर कानातून रक्त येईपर्यंत मारला. मुली किंचाळत होत्या. कुणी मधे पडलं नाही, मी पण नाही. एरवीच्या दिवशी तावडेच्या शॉपमध्ये बोटं गेली, खोटं कशाला बोलू. सहा-सात माणसांची गेली. पण खंडेनवमीला एक नख तुटलं नाही.

तावडे गेल्यावर फोरमन मी झालो. हात मी कमी उगारला, तोंड जास्त चालवलं.

मग कंपनी बदलायला लागली. आधी चार्जहँड काढले, मग निम्मी माणसं स्वेच्छेने घरी गेली, म्हणजे पाठवली. त्यांच्या जागी कंत्राटावर पोरं आली, ज्यांचा मालक गेटबाहेर एका गाळ्यात बसतो. चंद्रप्रकाशचा फळा भंगारात गेला आणि प्लॅन गुरुग्रामहून स्क्रीनवर यायला लागला. स्क्रीनशी भांडता येत नाही, मी करून पाहिलं. आणि चार वर्षांपूर्वी मिहिर आला.

मिहिर चौतिशीचा, गोरेगावचा, आपला मराठी मुलगा, चांगल्या घरातला. त्याने सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवलं आणि सांगितलं, की आजपासून या कंपनीत शिडी नाही. कुणी फोरमन नाही, कुणी साहेब नाही, सगळे मेंबर. सगळ्यांना सारखे राखाडी टी-शर्ट. सगळ्यांनी एकमेकांना नावाने हाक मारायची. जबाबदारी आळीपाळीने, रोज फोन ठरवणार आज कुणाची काय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सकाळी फोरमन म्हणून गेटमधून आत गेलो होतो आणि जेवायच्या सुट्टीपर्यंत मेंबर झालो. संध्याकाळी तो हसत माझ्याजवळ आला, म्हणाला, "अनंत, तुमच्या कमरेचा चाव्यांचा जुडगा द्याल?" चाव्या त्याने भिंतीवर काचेच्या पेटीत ठेवल्या. पेटीला नंबरचं कुलूप. नंबर रोज बदलणार, आणि ज्याची त्या दिवशी सेफ्टीची पाळी त्याच्या फोनवर येणार. त्या माणसाला म्हणायचं 'सेफ्टी ओनर'. मेन पाडणं, कुलूप लावणं, चावी काढणं, सगळं त्याचं.

त्या दिवशी माझ्या पोटात जे पेटलं ते चार वर्षं विझलं नाही. मी फार शहाणा माणूस नाही, पण खुन्नस मला छान धरता येते. मी ठरवलं, सांगतील तेवढंच करायचं. कोणी विचारलं, "काका, ही डाय अशी का वाजतेय?" की मी म्हणायचो, "फोनला विचार." आणि मला बरं वाटायचं. कोणाचं काम बिघडलं की दिवसभर बरं वाटायचं.

एकटी अक्षता मला सोडत नव्हती. अक्षता जोगेश्वरीची, सव्वीस वर्षांची, कंत्राटावर, आठ महिने झालेली. आमच्या शॉपमधल्या तीन बायकांपैकी एक. तिला डाय बसवायचं काम शिकायचं होतं, जे बायका करत नाहीत असं मीच तिला सांगितलं होतं. "फोनला विचार," म्हटलं की म्हणायची, "फोनला माहीत नाही काका, म्हणून तर तुमच्याकडे आले. तुम्ही आधी शिव्या द्या, मग सांगा. मी थांबते." आणि थांबायची. मी तिला सांगायला लागलो. डाय कशी ऐकायची, शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, कुठे घालायची. आणि खंडेनवमीला कुंकू आधी वरच्या डायला लावायचं, कारण पडते ती वरची. हे तावडेने मला सांगितलं होतं, मी तिला सांगितलं.

आता त्या दिवसाचं.

सकाळी गेटजवळच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत होतं, 'आजची सेफ्टी ओनर : अक्षता'. मी वाचलं. तिने वाचलं नव्हतं. ती हिरवी साडी नेसून आली होती, फोन पर्समध्ये आणि पर्स लॉकरमध्ये, आणि चार नंबरच्या प्रेससमोर रांगोळी काढत बसली होती. गुरुग्रामच्या प्लॅनमध्ये त्या दिवशी 'बंद' नव्हतं. बारा ते दीड 'पूजा' असा एक चौकोन होता, आणि दीडपासून चार नंबरची लाइन चालू. आता पूजा दीड तासाचीच राहिली होती.

बारा वाजले. गुरुजी बसले. मी सवयीने मेनच्या बोर्डाजवळ जाऊन उभा राहिलो. दांडा वर होता. हिरवा दिवा जळत होता.

तेवढ्यात चार नंबरवर कुणीतरी माळ बांधली. प्रेसच्या तोंडाशी एक अदृश्य पडदा असतो, किरणांचा. मधे काही आलं की मशीन चालत नाही आणि भोंगा वाजतो. माळ त्या किरणांत लोंबली आणि भोंगा वाजायला लागला. गुरुजींनी वर पाहिलं. वर केबिनमध्ये यज्ञेश बसला होता, लाइन चालवणारा पोरगा. त्याने तिथूनच तो पडदा बंद केला, भोंगा थांबला. तेही मी पाहिलं.

म्हणजे मेन चालू, पडदा बंद, आणि शॉपमध्ये पन्नास बायका-पोरं. मला दोन पावलं टाकायची होती आणि हात वर करायचा होता. मी हाताची घडी घातली.

माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. मला वाटत होतं, आता मिहिरच्या लक्षात येईल. तो सगळ्यांसमोर घाबराघुबरा माझ्याकडे येईल, "अनंत, मेन?" म्हणेल. आणि मी सावकाश म्हणेन, "माझं काम नाही. मी मेंबर आहे." हे वाक्य मी तोंडात घोळवत होतो. चव घेत होतो त्याची. आरती सुरू झाली. मी टाळ्या वाजवल्या. अक्षता धोक्यात आहे असं मला वाटलं नाही, कारण मी तिचा विचारच करत नव्हतो. मी माझा विचार करत होतो.

आरती संपली. मिहिरने खिशातून फोन काढून अंगठ्याने काहीतरी सरकवलं. त्यांच्या पद्धतीत काम झालं की त्याची पाटी 'झालं' मध्ये सरकवायची. पूजा झाली. त्याच्या दृष्टीने झालीच होती. केबिनमध्ये यज्ञेशच्या स्क्रीनवर चौकोन हिरवा झाला. केबिनमधून खाली सगळ्या माळा आणि केळीची पानं दिसत होती, माणसं दिसत नव्हती. मशिनी दीडच्या आत गरम करून ठेवाव्यात म्हणून त्याने चार नंबर सुरू केला.

अक्षता तेव्हा हळदकुंकवाचं तबक घेऊन चार नंबरवर पोचली होती. कोपरापर्यंत हात आत घालून वरच्या डायला कुंकू लावत होती. मी सांगितलं होतं तसं.

एक फटका आला. आवाज नेहमीपेक्षा मऊ होता, आणि तो मऊपणा मला आधी ऐकू आला, नंतर ती. ती ओरडली नाही लगेच. आधी तबक पडलं. मग तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं, जो मनगटाच्या पुढे नव्हता, लोखंडात होता, आणि मग ती ओरडली. तसा आवाज मी चौतीस वर्षांत ऐकला नव्हता. पोरं रडायला लागली, बायका दाराकडे पळाल्या, एक म्हातारा खाली पडला आणि त्याच्यावरून माणसं गेली. ओव्हरलोडने मोटर बसली होती. वरचा साचा खालीच अडकला होता आणि तिचा हात त्यात.

साचा वर घ्यायला प्रेसची वेगळी चावी लागते. चावी काचेच्या पेटीत. "कोड! कोड कुणाकडे आहे?" मिहिर ओरडत होता. सगळे आपापले फोन काढून बघत होते. मला माहीत होतं कुणाकडे आहे. मी तिच्याजवळ गेलो, तिचं डोकं प्रेसच्या खांबावर आपटत होतं, ते धरलं. ती म्हणत होती, "माझ्या पर्समध्ये, काका, पर्समध्ये, लॉकरमध्ये…" गेटजवळच्या स्क्रीनवरचं तिचं नाव कुणीतरी ओरडून वाचलं होतं, तेव्हा तिला कळलं होतं आज पाळी कुणाची. लोखंडात हात चिरडलेला असताना ती मला म्हणाली, "काका, माझंच राहिलं ना?"

मी शिवदासच्या हातातला नारळ फोडायचा हातोडा हिसकला आणि पेटी फोडली. काच तळहातात गेली. चावी लावून साचा इंचाइंचाने वर घेतला. प्रत्येक इंचाला ती ओरडत होती. हात बाहेर आला तेव्हा तो हात नव्हता. सपाट झाला होता, पट्ट्यांसारखा, आणि हिरव्या बांगड्यांचा चुरा मांसात घुसला होता. रक्तात हळद कालवून लादीवर नारिंगी चिखल झाला होता. मी टी-शर्ट काढला, दंडाला आवळून बांधला आणि उघड्या अंगाने तिला उचलून गेटपर्यंत पळालो.

मनगटाच्या वर चार बोटं, तिथून कापला. उजवा.

दहा दिवसांनी ती मीटिंग झाली. मिहिरने सुरुवातीलाच सांगितलं, की इथे कुणाला दोष द्यायचा नाही, फक्त शिकायचं. त्याचे डोळे खरंच सुजले होते, तो दहा दिवस झोपला नव्हता, हे मी कबूल करतो. पाच वेळा 'का' विचारायचं आणि उत्तर गुलाबी चिठ्ठीवर लिहून काचेवर चिकटवायचं, अशी त्यांची पद्धत. हात का सापडला? प्रेस चालली. प्रेस का चालली? यज्ञेशने चालू केली. का केली? स्क्रीन हिरवी होती. का होती? पूजेची पाटी सरकली, ती मिहिरने सरकवली; त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहिलं. आणि शेवटचं, मुळातलं कारण : प्रेसला वीज का होती? सेफ्टी ओनरने मेन पाडला नाही.

पाचवी चिठ्ठी काचेवर बसली. त्यावर नाव नव्हतं, पण सगळ्यांना वाचता येत होतं.

शिवदास बोलला. "म्हणजे पोरीनेच आपला हात तोडून घेतला, असंच ना?"

"असं नाही, शिवदास. हा दोष नाही, हे फक्त निरीक्षण आहे."

"हे निरीक्षण सरकारी इन्स्पेक्टरकडे जाणार ना? तिचा कंत्राटदार आत्ताच म्हणतो, चूक तिची, आमचा संबंध नाही. हा कागद गेला की तिची वाट लागली. उद्या तिला कोण दारात उभं करेल? येऊन आठ महिने झालेल्या पोरीवर मेन टाकलास तू!"

"मी नाही टाकला. पाळी होती. सिस्टीमने…" मिहिरने डोकं धरलं. मग त्याने वर पाहिलं, आणि माझ्याकडे वळला. "अनंत, तुम्ही बोर्डाजवळच उभे होतात ना? दिवा चालू होता का? तुम्हाला काही दिसलं होतं?"

साधेपणाने विचारलं त्याने. आवाजात आरोप नव्हता. दहा दिवसांत हा एकच प्रश्न बरोबर होता आणि तो कुणालाच सुचला नव्हता. मी हो म्हणालो असतो तर पाचवी चिठ्ठी तिथेच निघाली असती आणि तिच्या जागी माझं नाव लागलं असतं.

मी उठलो आणि त्याच्या नाकावर मारलं.

शॉपमध्ये सगळ्यांना वाटलं मी अक्षतासाठी मारलं. बाहेर तीच गोष्ट पसरली. मी त्याला मारलं कारण त्याने मला विचारलं. तो खाली पडल्यावरही लाथा घातल्या कारण तो परत विचारेल अशी मला भीती वाटली. हाड मोडल्याचा आवाज झाला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. माणसाला मारणं खरं बोलण्यापेक्षा फार सोपं आहे, हे मला तावडेच्या हाताखाली कळायला हवं होतं.

मिहिरने पोलिसांत तक्रार केली नाही. नाकात कापूस घालून तो शिवदासला म्हणाला, "त्यांचा राग मी समजू शकतो." मला घरी बसवलं. अहवालात पाचवं कारण तसंच राहिलं. सोमवारी तो अहवाल इन्स्पेक्टरकडे जाणार होता.

शनिवारी सकाळी मी हॉस्पिटलमध्ये गेलो. गोरेगावहून आरेच्या रस्त्याने बस घेतली. रस्ताभर ठरवत होतो, आज सांगायचं. खिडकीबाहेर काय होतं ते बघितलं नाही.

वॉर्डात अक्षताची आई प्रेमा बसली होती. मला बघताच ती उभी राहिली आणि तिने आपलं स्टूल मला दिलं. "बसा भावोजी. बघ गे, कोण इलेत." थर्मासमधला चहा तिने आधी मला ओतला, मग स्वतःला. आमची गावं जवळजवळची, मालवणच्या पलीकडची, त्यामुळे ती मला भावोजी म्हणायला लागली होती. "सगळे येऊन रडून गेले. हात उचललात तो तुमीच. आमका कोण होता दुसरा?"

अक्षता उशीला टेकून बसली होती. गालफडं बसली होती, पण डोळे जागे. उरलेला उजवा हात बँडेजात, पोटावर ठेवलेला. "काका, खरं सांगा, त्याच्या नाकातून किती रक्त आलं?" असं म्हणून ती हसली. हात गेल्यापासून ती पहिल्यांदा हसली, असं प्रेमा म्हणाली. "मला आवडलं यार. चूक माझी होती हे माहितीये मला. स्क्रीन बघायला हवी होती. पण तुम्ही माझ्या बाजूने उभे राहिलात ना, तेवढं बस."

चहाचा कप मी खाली ठेवला.

"अक्षता, मेन चालू होता ते मला दिसत होतं."

तिला आधी कळलं नाही. "कधी?"

"पूजा सुरू झाली तेव्हापासून. दिवा जळत होता. पडदा बंद केलेलाही मी बघितला. तुझी पाळी आहे हे सकाळीच वाचलं होतं. तुझ्या लक्षात नाही हेही मला दिसत होतं. मी बोर्डापासून दोन पावलांवर होतो."

"मग?"

"मग काही नाही. मी पाडला नाही. मला मिहिरची फजिती बघायची होती."

प्रेमाचा हात थर्मासच्या झाकणावर होता. तो तिथेच राहिला.

"किती वेळ बघत होतात?" अक्षताने विचारलं. आवाज अगदी खाली.

"आरती संपेपर्यंत. वीस-पंचवीस मिनिटं."

"आणि मी विचारलं तुम्हाला. आत हात होता माझा तेव्हा. माझंच राहिलं ना, असं विचारलं मी. तुम्ही माझं डोकं धरलं होतं."

"हो."

"तेव्हा पण बोलला नाहीत."

"नाही."

तिने मारलं मला. ती उजव्या हाताची. रागात माणूस हात निवडत नाही, जो सवयीचा तो येतो. बँडेजचा तो ठोकळा पूर्ण ताकदीने माझ्या जबड्यावर आला, माझे दात ओठात रुतले, आणि ती अशी किंचाळली की शेजारच्या तीन खाटांवरची माणसं उठून बसली. मी बाजूला झालो नाही. तिने परत मारलं. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा पांढऱ्या कापडातून लाल वर आलं आणि नर्स धावत आली. अक्षता ओरडत होती, "वीस मिनिटं! वीस मिनिटं बघत होता हा!" नर्सने तिला खांद्यांनी दाबून धरलं, दुसरीने इंजेक्शन भरलं, कुणीतरी मला कॉलर धरून दाराकडे ओढलं. माझ्या तोंडातलं रक्त शर्टावर गळत होतं.

"थांबा," प्रेमा म्हणाली. मला नाही, मला ओढणाऱ्याला. "त्याला सोडू नका अजून. जाऊ देऊ नका त्याला."

तिने खाटेखालची पिशवी उपसली. त्यातून औषधांची चिठ्ठी काढली, तिची मागची बाजू कोरी होती. नर्सच्या खिशातलं पेन न विचारता घेतलं. दोन्ही माझ्यासमोर खिडकीच्या कठड्यावर ठेवलं.

मी लिहिलं. बोर्डाजवळ होतो, दिवा दिसत होता, ओनर कोण ते माहीत होतं, मुद्दाम गप्प राहिलो. चार ओळी. त्या कागदाने माझी नोकरी जाणार, कदाचित मी आत जाणार, हे लिहिताना कळत होतं. ओठातलं रक्त कागदावर पडलं, ते मी बाहीने पुसलं तर अक्षर फरकाटलं. प्रेमाने कागद ओढून घेतला आणि प्रत्येक शब्दावर बोट ठेवून मोठ्याने वाचला, खाटेवरच्या मुलीला ऐकू जाईल असा. इंजेक्शनने अक्षताचे डोळे मिटत होते, पण ती मान हलवत होती.

वाचून झाल्यावर प्रेमाने जे फरकाटलं होतं तिथे बोट ठेवलं.

"हे नीट दिसत नाही," ती म्हणाली. "परत लिहा."